हात चांगला

४ सप्टेंबर

ही डायरी गेल्या वर्षाची आहे. औषध कंपनीवाल्यानं डॉक्टरांना दिलेली, डॉक्टरांनी कोरी ठेवलेली. छापलेले वार चुकीचे आहेत, पण कागद चांगला आहे. फेकायचा कशाला.

आज परिषदेचं पत्र आलं. धाकट्या जावेनं वाचून दाखवलं. मला वाचता येतं, चौथी झालीय माझी, पण ऑफिसातलं वाक्य संपायच्या आत माझा दम संपतो. सार एवढंच, की सुयांचा उपचार करणाऱ्या सगळ्यांनी ३० नोव्हेंबरच्या आत परिषदेकडे नोंदणी करायची. नाही केली तर १ डिसेंबरपासून सुई हातात धरायची नाही आणि पाटी उतरवायची.

एकोणीस वर्षं झाली मला या क्लिनिकात. आले तेव्हा फरशी पुसायला आले. मग चादरी बदलायला लागले, मग ट्रे लावायला. डॉक्टरांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी मला सुया लावायला शिकवलं. गेली अकरा वर्षं क्लिनिक माझ्या हातावर चाललंय. परिषद सहा महिन्यांपूर्वी जन्मली. सहा महिन्यांचं पोर विचारतंय, बाई तुम्ही कोण.

ठरवलं, दुर्लक्ष करायचं. पत्र घडी करून टेबलाच्या पायाखाली घातलं. डुगडुगत होतं, आता बरं बसलं.

५ सप्टेंबर

परिषदेच्या ऑफिसात जाऊन आले. मी दुर्लक्ष करणार आहे हे त्यांना सांगायला.

तिसरा मजला, लिफ्टला कुलूप. एकच खिडकी, मागे एक कारकून, चष्म्याला दोरी. त्याची मान डावीकडे वळतच नव्हती. डावीकडच्या माणसाशी बोलायचं तर खुर्चीसकट फिरायचा. पुढे सतरा माणसं. मी चार मिनिटं रांगेत काढली, मग पुढे गेले. मागचे ओरडले. ओरडू देत. मला काम आहे, त्यांना नुसती रांग आहे.

कारकुनानं विचारलं, शिक्षण काय. म्हटलं, हात. म्हणाला, हाताला रकाना नाही बाई. मग बोटांवर मोजत म्हणाला, जुन्या लोकांना लेखी परीक्षा माफ आहे, पण तीन गोष्टी लागतील. दहा वर्षांची पेशंटची रजिस्टरं. ज्यानं शिकवलं त्याचं पत्र. आणि दोन परीक्षकांसमोर सुया लावून दाखवायच्या, स्वच्छता पाळून, वेळ पाळून.

मी म्हटलं, आधी तुमची मान दाखवा कुणाला तरी. खिडकीतून हात घालून त्याचा हात धरला. पहिल्या दोन बोटांच्या मागे खळगा असतो, तिथे दाबलं की मान सुटते. त्यानं हात आत ओढून घेतला. म्हणाला, नोंदणी नसलेल्यांनी हात लावायचा नाही.

नको लावू देऊ. मान तुझी, मला काय.

९ सप्टेंबर

पाय एका जागी राहत नाहीत. क्लिनिक लांबीला अठरा पावलं, रुंदीला अकरा. आज ते किती वेळा मोजलं याचा हिशेब नाही.

आमचे हे म्हणाले, फॉर्म भरून मोकळी हो की. यांना कारखान्यातून सुटून दोन वर्षं झाली, तेव्हापासून सल्ले घरीच तयार होतात. दिवसभर कंबर धरून बसतात, पण मला एक सुई लावू देत नाहीत. शेक घेतील, फळीवर झोपतील, कुणाच्या तरी मेव्हण्यानं सांगितलेला मलम चोळतील. आज कारण विचारलं. म्हणाले, तू दूध उकळायच्या आधी उतरवतेस, तीस वर्षं कोमट चहा पितोय मी, कंबर तरी नीट शिजू दे.

आता कोमट चहाचा आणि कंबरेचा काय संबंध.

सुया लावल्या की वीस मिनिटं ठेवायच्या, हा डॉक्टरांचा नियम. माझं मत वेगळं. समजूतदार शरीराला अकरा मिनिटांत कळतं. पुढची नऊ मिनिटं पेशंट छताकडे बघतो आणि मी पेशंटकडे. दोघांचं नुकसान.

१२ सप्टेंबर

वाटीवाला आला होता. चौकापलीकडे त्याचं दुकान आहे. लोकांच्या पाठीवर काचेच्या वाट्या चिकटवतो, पाठीवर जांभळे गोल उठतात, लोक समाधानानं घरी जातात. अधूनमधून सुयाही टोचतो, म्हणून त्यालाही तेच पत्र.

आत येतानाच म्हणाला, नमस्कार अध्यक्षीणबाई. मी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.

त्याचं म्हणणं असं. परिषद त्यांची, तर महासंघ आपला. आपणच आपल्याला मान्यता द्यायची, भिंतीवर सर्टिफिकेट लावायचं, परिषद विचारायला आली तर म्हणायचं, आमची नोंद आहे. अध्यक्ष मी, कारण मला आवाज आहे. तो सरचिटणीस, कारण त्याला स्कूटर आहे.

आणखी एक म्हणाला. दहा वर्षांची रजिस्टरं आठ दिवसांत लिहून देतो, हवी असतील तर. त्याची स्वतःची सुरूही झालीत. मी म्हटलं, मला गरज नाही, माझ्याकडे अकरा आहेत, अस्सल.

ती धाकटी लिहिते. दीर गेल्यावर मीच तिला काउंटरवर आणून बसवलं. शिकलेली आहे, पण गोगलगाय. पाकिटातून सुया किती उघडल्या, किती लावल्या, किती काढल्या, किती मिनिटं ठेवल्या, शेवटी शेरा. डॉक्टरांनी रकाने आखून दिले होते. डॉक्टर मुलीकडे राहायला गेले, रकाने राहिले. पेशंट उठला की धाकटी वापरलेल्या सुया जप केल्यासारख्या मोजते आणि मग डब्यात टाकते. मी कधी मोजत नाही. माझी बोटंच मोजतात.

१६ सप्टेंबर

महासंघाची पहिली सभा. आपल्या क्लिनिकातच, पेशंट बसतात त्या बाकांवर. सात जण आले. दीड तास शिक्क्यावर गेला. शिक्का गोल की लांबट. वाटीवाला गोल म्हणाला, साहजिक आहे. मी म्हटलं, सुई लांब असते, शिक्का लांबट. शेवटी गोल शिक्क्यात लांब सुई असं ठरलं. माझ्या भाषणाला टाळ्या पडल्या. मी म्हटलं, पेशंटची काळजी आम्हांला परिषदेनं शिकवायची नाही.

तेवढ्यात पडद्याआडून शिंपीणबाईंचा आवाज आला, अहो, माझ्या पायाला मुंग्या आल्यात, उठू का.

सभेच्या आधी त्यांच्या गुडघ्याला सुया लावल्या होत्या. नऊ. सभा सुरू झाली आणि राहून गेलं. एक तास चाळीस मिनिटं. धाकटी बाहेर चादरी वाळत घालायला गेली होती, ती धावत आली, सुया काढल्या, पाय चोळून दिले.

शिंपीणबाई चांगल्या स्वभावाच्या. म्हणाल्या, मला वाटलं आज नवीन ट्रीटमेंट आहे. मी म्हटलं, तशीच समजा. वीस मिनिटांनी गुण येतो तर शंभर मिनिटांनी पाचपट येणार. घरी जाताना लंगडत होत्या, पण दुसऱ्या पायानं.

धाकटी लगेच रजिस्टर घेऊन बसली. काय लिहितेस म्हणून विचारलं. म्हणाली, जे झालं ते, ताई.

२३ सप्टेंबर

शिक्का आला. सर्टिफिकेटं छापून आली. आम्ही आठही जणांनी एकमेकांना दिली, एकमेकांनी घेतली, फोटो काढले.

माझ्यावर क्रमांक एक. घरी आणून यांना दाखवलं. हे म्हणाले, वाटीवाल्याच्या दुकानावरून आलो आत्ता, त्याच्याही भिंतीवर क्रमांक एकच आहे.

तशीच गेले. वाटीवाला म्हणतो, अध्यक्षांमध्ये तुम्ही एक, सरचिटणिसांमध्ये मी एक. मी म्हटलं, एक हा एकच असतो, चौथीत शिकवतात. तो म्हणाला, महासंघ माझी कल्पना. मी म्हटलं, बाकं माझी. दोन सभासद त्याच्या बाजूला, दोन माझ्या, दोन चहा प्यायला गेले ते परत आलेच नाहीत.

महासंघ फुटला. शिक्का त्याच्याकडे, शाईचा डबा माझ्याकडे.

२४ सप्टेंबर

पुन्हा परिषदेत गेले. कारकुनाला विचारलं, महासंघाचं सर्टिफिकेट चालेल का. म्हणाला, बाई, महासंघ तुमच्यासाठी असतो आणि परिषद तुमच्या पेशंटसाठी. मी म्हटलं, पेशंट माझेच आहेत, म्हणजे परिषदही माझीच झाली. त्यानं चष्मा काढून पुसला. त्याला पटलं असावं.

फॉर्म घेऊन आले. मनात आणलं तर मी एका दिवसात काम उरकते.

२७ सप्टेंबर

डॉक्टरांकडे गेले, पत्र आणायला. मुलीच्या घरी खिडकीशी खुर्ची टाकून बसलेले असतात. कान गेलेत, डोळे आहेत. मला बघितल्याबरोबर मनगट पुढे केलं, नाडी बघ म्हणून. मी बोटं ठेवली, लगेच उचलली. म्हणाले, अजून तशीच आहेस तू.

थरथरत्या हातानं पत्र लिहिलं. एक ओळ लिहायला एक वर्ष. मी तोवर खोलीत फेऱ्या मारल्या, त्यांच्या कुंड्यांना पाणी घातलं, फुलदाणीची जागा बदलली. पत्र बसस्टॉपवर वाचलं. एवढंच आहे. या बाईंना मी शिकवलं. हात चांगला. धीर नाही. बाकी सगळं शिकवता आलं.

हात चांगला. डॉक्टरांनी आयुष्यात कुणाला चांगलं म्हटलेलं मी ऐकलं नाही. पुढचं वाक्य वयामुळे आलं असणार. त्या वयात माणूस एकदा लिहायला लागला की थांबत नाही.

४ ऑक्टोबर

अकरा रजिस्टरं चादरीत बांधली. काय वजन आहे. धाकटी दारापर्यंत आली. म्हणाली, ताई, देण्याआधी एकदा वाचून बघा. मी म्हटलं, लावलेल्या सुया माझ्या, मी काय वाचायचं त्यात. म्हणाली, निदान शेऱ्याचा रकाना तरी. मी म्हटलं, तुझं अक्षर मोत्यासारखं आहे, बघणारा बघूनच पास करेल. ती काहीतरी बोलणार होती, मला बस दिसली.

रांगेत वाटीवाला पुढे होता. त्याची दहा रजिस्टरं कोरीकरकरीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत. माझ्या गाठोड्याकडे बघून म्हणाला, धोब्याकडे चाललात का. मी गाठोडं दुसऱ्या हातात घेतलं. अध्यक्षानं सरचिटणिसाशी रांगेत भांडू नये.

कारकुनानं माझं एक रजिस्टर उघडलं, पान उलटलं, आणखी उलटलं. मग सरळ बसून वाचायलाच लागला. मागे रांग खोळंबली. म्हणाला, अशी रजिस्टरं मी पाहिली नाहीत बाई. मी म्हटलं, कशी असतील, अशी बाई तरी कुठे पाहिलीत.

११ ऑक्टोबर

परिषदेचं काही नाही.

१२ ऑक्टोबर

काही नाही. पोस्टमनला दोनदा रस्त्यात गाठलं. आता लांबून बघूनच मान हलवतो.

१५ ऑक्टोबर

संकल्प. प्रत्यक्ष परीक्षेसाठी आजपासून धीराचा सराव. सुया लावायच्या आणि वीस मिनिटं शेजारी स्टुलावर बसायचं. हलायचं नाही.

पहिला पेशंट, सहा मिनिटं. फोन वाजला.
दुसरा, नऊ मिनिटं. फोन वाजला नाही, पण वाजेल असं वाटलं.
तिसरा, तेरा. तिसरा झोपला होता, त्याला काय कळणार म्हणून उठले.

धीर वाढतोय. सहा, नऊ, तेरा.

१९ ऑक्टोबर

धाकटी म्हणाली, ताई, तुमची सवय एक सांगू का, राग येईल. म्हटलं, येईल तर सांगू नकोस. तरी सांगितली. दहाच्या पाकिटातली दहावी सुई तुम्ही अंबाड्यात खोचता. खोचतेच. नऊ पॉइंट असले तर एक उरते, हात रिकामा हवा असतो, अंबाडा जवळ आहे. यात सवय काय. म्हणाली, परीक्षेत खोचू नका.

कानामागून आली आणि तिखट झाली.

३ नोव्हेंबर

परीक्षेचं पत्र. सहा तारखेला अकरा वाजता, पेशंट तुमचा तुम्ही आणायचा.

यांना म्हटलं, चला. नाही म्हणाले. कंबर आखडली तरी चालेल म्हणाले, कोमट नको. शिंपीणबाई तयार झाल्या. फक्त विचारलं, मी तिथे आहे हे लक्षात राहील ना.

६ नोव्हेंबर, दुपारी

झाली परीक्षा. सविस्तर लिहून ठेवते, पुढे कुणी विचारलं तर.

दोन परीक्षक. एक सडसडीत बाई, हातात घड्याळ. एक जाडे गृहस्थ, हातात कागद. मी हात धुतले, कोपरापर्यंत. पाकीट उघडलं. शिंपीणबाईंच्या गुडघ्यावर स्पिरिट लावलं. ते वाळेपर्यंत थांबायचं असतं. मी वेळ वाचवला, फुंकर मारली. जाडे गृहस्थ लगेच लिहायला लागले. कुणीच फुंकर मारत नसणार, नवी पद्धत.

नऊ सुया लावल्या. एकीलाही शिंपीणबाई हूं की चूं म्हणाल्या नाहीत. सडसडीत बाई वाकून बघत होत्या. म्हणाल्या, सुंदर. मी मनात म्हटलं, झालं, पास. दहावी सुई अंबाड्यात गेली. कधी गेली मला कळलं नाही. त्यांना कळलं. लिहून घेतलं.

मग वीस मिनिटं. स्टुलावर बसले. सडसडीत बाई घड्याळाकडे बघतात, मी त्यांच्याकडे. पाच मिनिटं. भिंतीला एक तडा, तो वरून खाली बघितला, खालून वर बघितला. आठ मिनिटं. म्हटलं, दोन मिनिटं पाणी पिऊन येते. त्या म्हणाल्या, पेशंट तुमच्यावर सोपवलेला आहे. मी म्हटलं, तुम्ही दोघं आहात की इथे, घरचीच माणसं.

बाहेर बाकावर कारकून डबा खात बसला होता. मान तशीच. घास तोंडाकडे नेण्याऐवजी तोंड घासाकडे नेत होता. मला बघवलं नाही. म्हटलं, हात दाखवा. म्हणाला, बाई, नोंदणी. म्हटलं, नोंदणी आतच चाललीय. अंबाड्यातली सुई काढली, त्याच्या बोटांमागच्या खळग्यात लावली. म्हटलं, आता मान हळूहळू हलवा. हलवली. हलवत गेला. कट् असा आवाज झाला आणि मान पूर्ण डावीकडे वळली, पार खांद्यापर्यंत.

डावीकडे दारात दोन्ही परीक्षक उभे होते.

कारकून उभा राहिला, सुई हातातच. म्हणाला, सर, वळली. मग खाली बसला.

जाड्या गृहस्थांनी आत जाऊन आणखी एक कागद आणला. दोन्ही बाजूंनी लिहिला. एवढं कौतुक माझं लग्नातही कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

शिंपीणबाईंच्या सुया सडसडीत बाईंनी काढल्या. बरोबर वीस मिनिटांनी. लंगडल्या नाहीत.

६ नोव्हेंबर, संध्याकाळी

यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, हात दाखवून अवलक्षण.

यांना कुणाचं चांगलं झालेलं बघवत नाही.

१३ नोव्हेंबर

पत्र नाही. क्लिनिकातल्या दोन्ही कॉटच्या जागा बदलल्या.

१४ नोव्हेंबर

पुन्हा होत्या तशा केल्या.

१९ नोव्हेंबर

वाटीवाल्याचं पत्र आलं. नापास. त्याच्या दहा वर्षांच्या रजिस्टरांत एकाही पेशंटला कधी काही झालं नाही, एकही सुई कधी चुकली नाही, दहा वर्षं एकच पेन आणि दहाही वर्षं २९ फेब्रुवारीला दुकान उघडं. परिषदेनं लिहिलंय, असा माणूस अस्तित्वात नाही.

समाचाराला गेले. त्याच्या भिंतीवर क्रमांक एक अजून आहे. खाली तो बसलेला. म्हणाला, वाट्या तरी लावू देतील ना. मला पहिल्यांदा त्याची दया आली. शाईचा डबा परत दिला.

परत येताना क्लिनिकाशी थांबले. पाटीखाली उभी राहून पाटीकडे बघितलं. डॉक्टरांनी लावलेली आहे, एका खिळ्यावर. दुसरा मारायचा राहूनच गेला. उतरवायला एक मिनिट लागेल. पाटी उतरली तर मी सकाळी उठून कुठे जायचं. घर लांबीला नऊच पावलं आहे.

२४ नोव्हेंबर

नाही आलं पत्र.

२७ नोव्हेंबर

आलं. धाकटीनं वाचायला घेतलं आणि मध्येच थांबली. म्हणाली, ताई, तुम्हीच वाचा. मी म्हटलं, वाच, एक ओळ गाळलीस तर बघ.

वाचलं. अर्जदार बाईंच्या रजिस्टरांवरून परिषदेला पुढील गोष्टी कळल्या. अकरा वर्षांत सुयांच्या मोजणीत फरक, सत्तेचाळीस वेळा. त्यांपैकी चादरीत सापडल्या एकोणीस, पेशंट घरून परत घेऊन आला सहा, बाईंच्या अंबाड्यात सापडल्या बावीस. वीस मिनिटांच्या आत सुया काढल्या, हा आकडा लांबलचक होता, मी पुढे वाच म्हटलं. पडद्याआड पेशंट विसरला, चार वेळा. चौथा पेशंट सभा चालू असताना.

मी तिला थांबवलं. म्हटलं, हे त्यांना कुणी सांगितलं. धाकटी खाली बघत म्हणाली, मी. शेऱ्याच्या रकान्यात. मी म्हणत होते ना ताई, एकदा वाचून बघा.

अकरा वर्षं. अकरा वर्षं ही गोगलगाय मोत्यासारख्या अक्षरात माझ्या चुका लिहीत बसली, आणि मी ते गाठोडं कंबरेला धरून तीन मजले चढवून दिलं.

अर्धवट वाचलेलं पत्र तिच्या हातातून घेतलं आणि घरी आले.

२८ नोव्हेंबर

धाकटीशी बोलत नाही. ती सकाळी नमस्कार करून काउंटरवर बसली. पेशंट घेतले नाहीत. फेऱ्या मारल्या. ती माझ्या फेऱ्या मोजत होती की काय कोण जाणे.

घरी यांच्याकडे तक्रार केली. हे म्हणाले, पत्राचं दुसरं पान वाचलंस का. मी म्हटलं, दुसरं पान आहे हेच मला माहीत नव्हतं. म्हणाले, तेच तर.

२९ नोव्हेंबर

दुसरं पान मी स्वतः वाचलं. बोट ठेवून, एकेक शब्द. वेळ लागला.

लिहिलंय, इतकी प्रामाणिक रजिस्टरं परिषदेकडे दुसऱ्या कुणाची आली नाहीत. चुका सगळ्यांच्याच होतात, लिहून ठेवणारं हे एकच क्लिनिक. या नोंदी नसत्या तर अर्ज नाकारला असता. हात चांगला आहे याबद्दल गुरूंचं पत्र आहे आणि कार्यालयातील एका कर्मचाऱ्याचा तोंडी पुरावा आहे. सबब सहा महिन्यांची तात्पुरती नोंदणी. अटी तीन. स्टूल सोडायचं नाही. वीस मिनिटं घड्याळ लावून. आणि प्रत्येक उपचार रजिस्टर लिहिणाऱ्या बाईंच्या समोरच, त्यांनी सही केली तरच धरला जाईल.

खाली आणखी एक ओळ. रजिस्टर लिहिणाऱ्या बाईंनी इतर अर्जदारांना नोंदी कशा ठेवाव्यात ते शिकवायला महिन्यातून एकदा परिषदेत यावं, ही विनंती. विनंती. मला अटी, तिला विनंती.

धाकटीकडे गेले. म्हटलं, एवढं सगळं लिहायचं होतं का. म्हणाली, ताई, चांगलं तेवढं लिहिलं असतं तर ते वाटीवाल्याचं रजिस्टर झालं असतं. मग हळूच म्हणाली, आणि ज्या दिवशी शिंपीणबाईंचा गुडघा पहिल्यांदा वाकला, तेही लिहिलंय मी, तुम्ही ते पान पण वाचलं नाहीत.

 म्हटलं, चहा टाक. मी टाकला तर कोमट होतो.

१ डिसेंबर

पाटी जागेवर आहे. दुसरा खिळा मीच ठोकला. वाकडा गेला, पण गेला.

आज पहिला पेशंट आमचे हे. सकाळी स्वतःहून आले. म्हणाले, आता धाकटी मोजणार आहे ना, मग लाव. कॉटवर पालथे पडले. मी हात धुतले. स्पिरिट लावलं. फुंकर मारली नाही. वाळेपर्यंत थांबले, ओठ दाताखाली धरून. नऊ सुया, कंबरेला आणि पायांना. हे म्हणाले, लावल्यास का. म्हटलं, झाल्या लावून. 

धाकटीनं घड्याळ माझ्यासमोर ठेवलं. स्टूल सोडायचं नाही, पण लिहायला मनाई नाही. म्हणून ही डायरी मांडीवर घेतलीय.

तीन मिनिटं.

पाच. माशी आहे एक खोलीत. उठून मारता येत नाही.

आठ. यांच्या पाठीवर इतके तीळ आहेत हे मला माहीत नव्हतं.

अकरा. एरवी या वेळेला काढल्या असत्या. हात आपोआप पुढे गेला. धाकटी खोकली. हात मागे घेतला.

चौदा. हे झोपले. घोरणं नेहमीसारखं नाही, हळू आहे. कंबर सैल पडलीय, दिसतंय ते. अकराव्या मिनिटाला दिसत नव्हतं. मी कधी बसलेच नव्हते इथे.

सतरा. अजून तीन. किती लांब असतात ही तीन.

वीस.

काढल्या. हे उठून बसले, उभे राहिले, वाकून चप्पल स्वतः घातली.  दारातून म्हणाले, उद्या किती वाजता येऊ.

धाकटीनं सुया मोजल्या. पुन्हा मोजल्या. उघडल्या दहा, लावल्या नऊ, काढल्या नऊ. माझ्याकडे बघत राहिली. मी कॉटखाली बघितलं. चादर झटकली. ट्रे उचलला. मग डोक्याला हात लावला.

अंबाड्यात.

ती पेन घेऊन थांबली होती. मी म्हटलं, बघतेस काय, लिही, जे झालं ते. परिषदेनं शिक्का मारून पाठवलेल्या नव्या रजिस्टराचं पहिलं पान, पहिली ओळ. तिनं लिहिलं. मी बोट ठेवून वाचून घेतलं.

ओळीच्या सुरुवातीला क्रमांक एक आहे, आणि पुढे माझं नाव. परिषदेच्या शिक्क्याखाली, अस्सल. वाटीवाल्याला दाखवायला पाहिजे.